सुती की रेशमी?

४ मार्च

प्रिय मामा,

वाकून नमस्कार. एक चिमुकला स्क्रू टेबलाखाली पडलाय आणि तो शोधायला मी वाकलेलीच आहे, तर म्हटलं नमस्कारही उरकून घ्यावा.

तुझी गाडी सुखरूप पोचली. शिवणयंत्राच्या लाकडी झाकणात, चिंध्यांत गुंडाळून रेसची गाडी पाठवणारा तू जगात एकटाच असशील. कुरिअरवाल्याने विचारलं, "शिलाई मशीन का?" म्हटलं, "हो, पण ही फाडते जास्त." हातभर लांबीची, रिमोटवर चालणारी गाडी इतकी जड लागेल असं त्याला वाटलं नव्हतं. तिचं खोकं दारातून आत आणलं आणि मला एकदम तुझ्या दुकानातल्या तेलाचा वास आला.

इथे फरशीच्या जुन्या गोदामामागे मातीचा ट्रॅक आहे. चढ, वळणं, खड्डे आणि मधोमध एक मोठी उडी. आम्ही सगळे लाकडी माचावर ओळीने उभं राहून रिमोट दाबत असतो. दिवसभर दातांच्या लॅबमध्ये बसून लोकांच्या कवळ्या घासल्यावर, मामा, इथे येऊन गाडी उडवली की डोक्यावरचं ओझं उतरतं. पण काल नाट लागला. गाडी उडीवरून झकास गेली, खाली टेकली, कट्‌ असा आवाज आला आणि मोटर नुसती किंचाळत राहिली. उघडून बघते तर मागच्या मोठ्या दातेरी चाकाचे दात साफ. माझ्या हातून इतके दात बसवून होतात, पण या चाकाला कवळी बसत नाही.

बेकरीवाला म्हणून एक जण आहे इथे, खरंच बेकरी आहे त्याची, आणि तो दर रविवारी ट्रॅकवर पिठाचे हात घेऊनच येतो. तो म्हणाला, "स्लिपर क्लच बिघडला. पूर्ण आवळून टाक, कटकटच नको." त्याचं ऐकू?

खरं मागणं हे आहे. मे महिन्याच्या मध्यावर इथली मोठी रेस आहे. प्रत्येकाला सोबत एक मदतनीस आणता येतो. तू ये ना. एवढी वर्षं रेस खेळलास, क्लच नुसता ऐकून लावायचास. माझे कान अजून कच्चे आहेत. आणि फोन का उचलत नाहीस? मी रोज लावते, रोज मामीच उचलते.

तुझी,
भिंगरी

*

११ मार्च

भिंगरे,

आशीर्वाद. स्क्रू सापडला असेल तर आता सरळ उभी राहा.

फोनचं नाव काढू नकोस. ज्यांना बोलायचं काही नसतं त्यांच्यासाठी फोन असतो. पत्र लिही. पत्रात माणूस विचार करून खोटं बोलतो, निदान मेहनत तरी घेतो.

बेकरीवाल्याला सांग, पाव भाज. क्लच पूर्ण आवळायचा म्हणजे क्लच नसल्यातच जमा. आता नीट वाच. आपल्या शिलाई मशीनच्या चाकाला मधे एक गोल चकती असते, आठवते? बॉबिन भरताना ती सैल करतो. चाक फिरत राहतं, सुई जागची हलत नाही. स्लिपर क्लच हा त्याच जातीचा. दातेरी चाकाला चकत्या चिकटून असतात, त्यांना एक स्प्रिंग दाबून धरते, आणि स्प्रिंगला एक नट. नट आवळला की चकत्या घट्ट धरतात. सैल केला की जोर आल्यावर घसरतात.

आता गाडी उडते तेव्हा चाकं हवेत भन्नाट फिरत असतात. खाली टेकल्याबरोबर जमीन म्हणते थांब, मोटर म्हणते मी नाही थांबणार. दोघींचा हट्ट. मधे कोणी समजूतदार नसला तर दात पडतात, हे घरात खरं आणि गाडीतही खरं. क्लच तो समजूतदार. डोळ्याचं पातं लवतं तेवढा वेळ तो घसरतो, हट्ट विरघळतो, आणि परत धरतो. मी इतकी वर्षं यंत्रं उघडतोय, पण हा प्रकार पाहिला की अजून हात जोडावेसे वाटतात. मुद्दाम हरायला शिकवलेला भाग! बाकीची सगळी यंत्रं जिंकायला केलेली असतात.

नट आधी आवळ, मग थोडा थोडा सोडत ये. दर वेळी गाडी मातीवर उभी कर, एकदम ट्रिगर दाब, आणि निघताना मागून येतो तो आवाज ऐक. मग मला लिही तो कसा आहे. 'ठीक आहे' असलं काही लिहू नकोस. आवाज लिही.

येण्याचं जमेल असं दिसत नाही. शाळांचे गणवेश शिवायचे दिवस, शिंप्यांच्या मशीनींची दुरुस्तीला रांग लागली आहे.

मामा

*

१९ मार्च

प्रिय मामा,

आवाज लिही म्हणे! कवळी लिही म्हणालास तर लिहीन, पण आवाज?

तरी प्रयत्न केला. नवं चाक बसवलं, नट आवळला, गाडी उभी केली. पहिल्यांदा काहीच आवाज नाही, नुसती ढांगकन पुढे आणि मागच्या चाकांनी माती उधळली. थोडा सोडला. आता मागून 'खर्र' असं अगदी तोकडं काहीतरी आलं. मी डोळे मिटून विचार केला, हे कुठे ऐकलंय, कुठे ऐकलंय. आणि आठवलं! तुझ्या दुकानात एका बाजूला मामी कापड विकायची तेव्हा मोजून, कात्रीने टोक कापून, दोन्ही हातांनी टर्रकन फाडायची, तो. हा आवाज कापड फाडल्यासारखा आहे, मामा. अजून सोडला तर कापड लांबत गेलं.

मग उडी. माझी छातीच होत नव्हती. गाडी टेकली आणि मला वाटलं, गेले दात. पण नाही. टेकताना ती क्षणभर जणू थबकली, मागून कापड फाटलं, आणि ती काहीच झालं नाही अशी पुढे निघून गेली. मी माचावर एकटीच "अरे बापरे" म्हणाले. बेकरीवाला म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "काहीच झालं नाही, तेच तर." उडी तीच, वजन तेच, मोटर तीच, आणि फक्त एक नट किंचित मागे. अंगावर काटा आला.

गणवेशांचं कारण मला पटलेलं नाही. शाळा उघडतात जूनच्या मध्यावर, मेमधला एक दिवस निघणार नाही का? बघ जरा.

तुझी भिंगरी

*

२७ मार्च

भिंगरे,

शाब्बास. कापड फाडल्यासारखा! मी इतकी वर्षं तो आवाज ऐकला, रात्रंदिवस त्याच कापडात वावरलो, पण मला हे सुचलं नाही. तुझं पत्र तुझ्या मामीला वाचून दाखवलं. परत वाचलं. मग ती झोपल्यावर आणखी एकदा वाचलं. तुला कल्पना नाही तू काय पाठवलंस.

पण अर्धवट लिहिलंस. कापड कोणतं? सुती की रेशमी? सुती कापड फाटतं तेव्हा कोरडं, खरबरीत फाटतं आणि आवाज लगेच संपतो. रेशमी फाटतं ते लांब, एकसंध, शेवटाला शीळ घातल्यासारखं बारीक होत जातं. ट्रॅक ओला, चिकट असेल तर सुती ठेव, चाकांना पकड असते, फार घसरायची गरज नाही. धूळ उडत असेल तर रेशमी हवं, नाहीतर चाकं जागच्या जागी फिरतील. पण रेशमाचा हव्यास नको. शीळ संपायलाच तयार नसेल तर चकत्या भाजतायत असं समज.

पुढच्या पत्रात सगळं लिही. सकाळचा आवाज, दुपारचा आवाज. गाडी उभी असताना पंखा कसा वाजतो तेही. बेकरीवाल्याच्या गाडीचाही लिही. मला सगळे हवे आहेत.

येण्याचं म्हणशील तर गुडघे. त्या माचाच्या पायऱ्या चढवणार नाहीत.

मामा

*

८ एप्रिल

प्रिय मामा,

आधी गणवेश, आता गुडघे. मदतनीसाला माचावर चढायचंच नसतं, तो खाली पिटमध्ये, दुरुस्तीच्या टेबलाशी उभा असतो. आता काय काढणार आहेस, दाढदुखी? ती काढशील तर मी आहेच.

पण मामा, तू काय माणूस आहेस! मी इथे बसून दोन शब्द लिहिते, तू तिथे बसून नट कुठे आहे ते सांगतोस. रविवारी धूळ होती. मी रेशमी लावला. अगदी तू लिहिलंस तसा, शेवटी शीळ, मग शांत. सुटलो तेव्हा सगळ्यांच्या गाड्यांची मागची चाकं भरकटत होती आणि माझी दोरी धरल्यासारखी सरळ निघाली. तिसरी आले! बेकरीवाला विचारत होता, "कोणाकडून शिकलीस?" मी म्हटलं, "टपालातून."

तुला सगळे आवाज हवेत म्हणालास. पंखा चिलटासारखा गुणगुणतो. बेकरीवाल्याची गाडी निघताना आवाजच करत नाही आणि टेकते तेव्हा दात खाते. माझी मात्र कालपासून शेवटची शीळ जरा जास्तच ताणते आहे असं वाटतंय. नक्की कळत नाही. म्हणून सोपं केलं. मामीच्या मोबाइलवर आवाजच पाठवलाय. ऐक आणि कळव, नट हलवू की नको? तू म्हणशील ते.

तुझी भिंगरी

*

१४ एप्रिल

भिंगरे,

आवाज ऐकला. उत्तम. मऊ, लांब, शेवटी बारीक होत जाणारा. हेच ते रेशीम. नट अजिबात हलवू नकोस.

पण असले आवाज पाठवत जाऊ नकोस, मोबाइलवर मजा नाही. तू लिहितेस ते बरं.

मामा

*

२१ एप्रिल

मामा,

नट हलवला नाही. तू म्हणालास म्हणून.

रविवारी तिसऱ्या फेरीत गाडीच्या पोटातून धूर आला. चकत्या भाजून काळ्या पडल्या होत्या आणि दातेरी चाक मधोमध मेणासारखं वितळलं होतं. चूक माझी असेल, असं म्हणून मी घरी आले आणि तुला पाठवलेला आवाज पुन्हा लावून बघितला.

मामा, तो क्लचचा आवाजच नव्हता. मी घाईत भलताच पाठवला होता. तो आमच्या लॅबमधला, पॉलिशच्या चाकावर कवळी घासतानाचा. नव्या मुलीला दाखवायला मी भरून ठेवला होता. कोणत्याही माणसाने ऐकला असता तर हसून हसून लोळला असता. तू तर मशीनच्या पोटातला एक सैल स्क्रू रस्त्यावरून ओळखणारा माणूस.

म्हणजे तू ऐकलाच नाहीस. मऊ, लांब, बारीक, हे सगळं तुझ्याच जुन्या पत्रातून उचलून मला परत पाठवलंस. तुला कंटाळा आला असेल तर तसं सांगायचं. गणवेश, गुडघे, फोन, एवढी सोंगं कशाला? मला वाटायचं, तुला माझ्याइतकीच ओढ आहे. रडू आलं मला, खोटं कशाला बोलू.

रेसला मी एकटी जाईन.

भिंगरी

*

२८ एप्रिल

प्रिय भिंगरी,

मी मामी. मला पत्र लिहायची सवय नाही, समजून घे. तुझा मामा दुकानात आहे, त्याला हे ठाऊक नाही, पण मी लपवणारही नाही.

तुझ्या मामाला ऐकू येत नाही.

एकदम नाही झालं. गेली दोन-तीन वर्षं हळूहळू. आणि आम्हाला कळलं कसं नाही म्हणशील, तर बहिरी माणसं ओरडून बोलतात असं मी ऐकलं होतं, हा उलट हळू बोलायला लागला. मी म्हटलं, चला, वय झालं, माणूस निवळला! डॉक्टर म्हणाले असंच होतं, स्वतःचा आवाज आत मोठा वाजतो म्हणून. कानातली बारीक हाडं आखडली आहेत म्हणे, आवाज बाहेरून आत जातच नाही. आतली नस मात्र ठणठणीत. डॉक्टरांनी लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी वाजवून कानामागच्या हाडाला टेकवलं, तर याला लख्ख ऐकू आलं. तिथेच खुर्चीत रडला. शस्त्रक्रियेचं सांगितलंय, पण हा नावच काढू देत नाही. कानात घालायचं यंत्र आणलं, तर सगळ्या मशीनी टिनाच्या डब्यातून बोलतात म्हणतो. ते ड्रॉवरमध्ये पडून आहे.

दुकान चालतंय. तो मशीनवर तळवा ठेवतो आणि अंदाजाने काढतो. गिऱ्हाइकांना कळलेलं नाही. पण गाडीचं तसं होईना. ती हातातून सुटून लांब जाते, तिच्यावर तळवा कसा ठेवणार? ज्या दिवशी क्लच ऐकू आला नाही, त्या दिवशी त्याने ती चिंध्यांत गुंडाळली आणि तुला पाठवली.

आणि मग तुझं पत्र आलं, कापडाचं. अगं, तो ते वाचायचा, डोळे मिटायचा, आणि म्हणायचा, "ऐकू आलं." म्हणून तो तुला लिही लिही म्हणत होता. तुला शिकवायला नाही, स्वतःला ऐकायला. तुझा तो मोबाइलचा आवाज त्याने कानाला लावला, मान डोलावली आणि मला परत दिला. मला काय कळणार कवळी की क्लच.

आता तुझं शेवटचं पत्र खिशात घेऊन फिरतोय. जेवणावर वासना नाही. पिटमध्ये चार लोकांसमोर बहिरा मदतनीस होऊन काय उभा राहू, एवढंच म्हणतो. मी आता दोघांच्या वाटचं ओरडते आणि घसा बसवून घेते.

रागावू नकोस त्याच्यावर. मी रागावते आहे तेवढं पुरे.

मामी

*

५ मे

प्रिय मामा,

मामीने सगळं लिहिलं. मी काल दिवसभर माझी पत्रं आठवून स्वतःलाच चापट्या मारत होते. पण ते नंतर. आत्ता मी सांगते तसं कर, एक अक्षर न बोलता.

आमच्या लॅबच्या वरच दातांचा दवाखाना आहे. तिथे काही लोक ड्रिलच्या आवाजाला इतके घाबरतात की कानात कापसाचे बोळे घालून येतात. आणि मग ओरडतात, कारण आवाज कमी होतच नाही. तो दातातून जातो, मामा! दातातून जबड्यात, जबड्यातून कवटीत, आणि थेट आत. कान वाटेत येतच नाही. तुझ्या डॉक्टरांनी कानामागे टेकवलं ते हेच. दात म्हणजे हाडात रोवलेला खुंटा, मी रोज बघते.

लांब स्क्रू-ड्रायव्हर घे, लाकडी मुठीचा. मूठ पुसून दातांत घट्ट धर, ओठात नाही, दातांत. टोक काळ्या जुन्या मशीनच्या अंगाला टेकव, खाली बॉबिनपाशी, शटलच्या जवळ. मामीला चाक फिरवायला सांग.

आणि मला लिही, काय झालं. 'ठीक आहे' असलं काही लिहू नकोस.

तुझी भिंगरी

*

११ मे

भिंगरे,

आधी वाटलं तू सूड घेते आहेस. म्हटलं, घेऊ दे, माझी पात्रताच तेवढी. दुकानाचं दार लावून घेतलं, कोणी बघायला नको. मुठीला तेलाची चव होती. मामी म्हणाली, "हे आता एवढंच बाकी होतं." आणि तिने चाक फिरवलं.

भिंगरे, शटल आला. कसा सांगू? येतो, जातो, येतो, जातो. सुई खाली येते तिचा टिच्च. बॉबिनच्या केसमध्ये एक कण अडकलाय, तो दर फेरीला खुट्ट करतो. पट्टा सांध्यावर आला की थाप. सगळं होतं! सगळे तिथेच होते, जसेच्या तसे, आपापलं काम करत. मी समजत होतो ते गेले. मीच दाराबाहेर उभा होतो.

मी मामीला थांबू देईना. ती चाक फिरवून फिरवून घामाघूम झाली, आणि मी ओक्साबोक्शी रडत होतो, दातांत स्क्रू-ड्रायव्हर, त्यामुळे तोंडही पुसता येईना. कोणी पाहिलं असतं तर दोघांनाही दवाखान्यात नेलं असतं. मग तिने एकेक मशीन पुढे केली. गुलाबी मशीन, जिच्यावर मी महिनाभर तळवा ठेवून हरलो होतो, तिचा दोष चाक एकदा फिरल्याबरोबर कळला.

देवाने, निसर्गाने, ज्याने कोणी हे केलं, त्याने एक रस्ता बंद पडला तर दुसरा आधीच बांधून ठेवलेला. आणि मी इतकी वर्षं त्या दातांनी नुसते घास चावत बसलो.

तुझी गाडी भाजली ती माझ्या खोट्या शहाणपणामुळे. चकत्या आणि नवं चाक घेऊन येतो आहे. हो, येतो आहे. गणवेश आणि गुडघे दोघांनाही रजा दिली. लोक हसले तर हसोत. तुझ्या त्या कवळीचं पॉलिश मात्र खरंच रेशमी असणार, त्यावर मी ठाम आहे.

मामा

*

१८ मे, रेसच्या संध्याकाळी

प्रिय मामी,

मामा इथे माझ्या खाटेवर घोरतोय. घोरण्याचा आवाज सुती आहे.

सगळं सांगते. सकाळी पिटमध्ये लांबलचक टेबलं, प्रत्येकाची गाडी उलटी, सगळीकडे मोटरींची किंकाळी. मामाने चकत्या बसवल्या, नट लावला आणि खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. मग तसाच हातात धरून उभा राहिला. मी बघत होते. चार लोकांसमोर ते करायचं म्हणजे सगळ्यांना कळणार. मी म्हटलं, "बाजूला जाऊन करू या का?" माझं काही त्याला कळलं नाही. पण त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मान हलवली आणि मूठ दातांत धरली.

टोक गिअरच्या डब्याला टेकवलं, दोन्ही मागची चाकं हातांनी दाबून धरली आणि भुवयांनी मला खूण केली. मी ट्रिगर किंचित दाबला. आजूबाजूला एवढा गोंगाट की मला माझ्याच गाडीतलं काही ऐकू येईना. आणि हा माणूस त्या गोंगाटात, मामी, एकटा शांत उभा. त्याच्यापर्यंत बाकी काही पोचतच नव्हतं, फक्त माझी गाडी. मी त्याचा चेहरा बघत राहिले. असा चेहरा मी बाळाला पहिल्यांदा हातात घेणाऱ्या माणसांचा पाहिलाय. बेकरीवाला ओरडला, "मामा भुकेले दिसतात, पाव देऊ का?" सगळे हसले. मामाला ते कळलंच नाही. त्याने मूठ काढली आणि म्हणाला, "सुती. ट्रॅकवर पाणी मारलंय, हेच हवं."

सकाळच्या फेऱ्या झाल्या, मी अंतिम रेसमध्ये आले. तोवर ऊन चढलं, माती सुकली, धूळ उडायला लागली. मामाने पुन्हा दातांत धरलं, नट इतका कमी फिरवला की मला वाटलं फिरवलाच नाही, पुन्हा ऐकलं, आणि बोटाने दाखवलं, बस.

रेसमध्ये बेकरीवाला सगळ्यांच्या पुढे होता. मोठ्या उडीवर त्याची गाडी माझ्यापेक्षा उंच गेली, टेकली, आणि दात गेल्याचा आवाज माचावर सगळ्यांनी ऐकला. माझी तिच्याच मागे हवेत होती. मला फक्त खाली टेबलाशी उभा असलेला मामा दिसत होता. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं, मामी, पण गाडी टेकली तेव्हा त्याने दात आवळले आणि मग हसला. मागून रेशीम फाटलं आणि मी पुढे गेले. दुसरी आले. पहिल्या आलेल्या बाई कोण होत्या ते मी विचारलंही नाही.

नंतर बेकरीवाला आला, मोडलेली गाडी काखेत. टोपी काढून मामासमोर उभा राहिला आणि बोलायला लागला. मी मामाच्या तळव्यावर बोटाने लिहिलं: 'याची गाडी पण ऐकतोस?' मामाने स्क्रू-ड्रायव्हर सदऱ्याला पुसला आणि त्याच्याच हातात दिला. "कान बंद कर आणि चाव," म्हणाला. बेकरीवाल्याने माझ्या गाडीवर टोक टेकवलं, मी ट्रिगर दाबला. त्याने मला पुन्हा दाबायची खूण केली, परत परत. मग मीही केलं. मामी, मी इतके दिवस ते बाहेरून ऐकत होते. आतून ते वेगळंच असतं, डोक्याच्या मध्यभागी कोणीतरी रेशीम फाडतं. मला कळलं मामा का रडला.

आता तुझं काम. त्याला मी दोन-तीन दिवस इथेच ठेवून घेतेय, हे पत्र त्याच्या आधी पोचेल. दुकानातली कापड मोजायची लाकडी पट्टी घे. एक टोक त्याला दातांत धरायला सांग, दुसरं तुझ्या हनुवटीखाली, गळ्याला टेकव. आणि बोल काहीतरी.

तुझी भिंगरी

*

२२ मे

प्रिय भिंगरी,

आला. तू पाठवलेलं पत्र त्याच्या आधी पोचलं होतं. मी पट्टी पुसून तयार ठेवली होती, पण काय बोलायचं तेच सुचेना. दोन-तीन वर्षं मी नुसती "चहा घे", "दार लाव", "गिऱ्हाईक आलंय" एवढंच ओरडत होते. साठवलेलं पुष्कळ होतं, ऐन वेळी एक आठवेना.

चहा झाल्यावर त्याला खुर्चीत बसवलं. त्याने पट्टी दातांत धरली. मी दुसरं टोक गळ्याला लावलं, डोळे मिटले आणि सवयीप्रमाणे जोरात त्याचं नाव घेतलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

पट्टी थरथरली. तो माझ्याकडे बघत राहिला. मग पट्टी काढली. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊ या म्हणाला, ते शस्त्रक्रियेचं विचारायला. मी म्हटलं, ते राहू दे, आधी सांग, माझा आवाज कसा आला?

पट्टी दातांत नव्हती, त्याला माझं कळलं नसणार. पण त्याने माझा हात धरला आणि अगदी हळू म्हणाला,

"अगं, ओरडतेस कशाला? ऐकू येतंय."

तुझी,
मामी